आधी हवेची वाट, मग खोल्या: विद्यापीठाच्या विज्ञान प्रयोगशाळा इमारतीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या पठारावरच्या एका राज्य विद्यापीठातले हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि मोजमापे जवळच्या सोयीच्या आकड्यात दिली आहेत. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र हे विभाग तोवर तीन जुन्या इमारतींत विखुरलेले होते. रसायन विभागात लाकडी चौकटीची दोन धूरकपाटे आणि भिंतीतले एक्झॉस्ट पंखे, एवढीच हवेची व्यवस्था. ब्रोमिन ओतायचे असले की बाटली घेऊन व्हरांड्यात जायचे, असा रिवाजच पडून गेला होता.

नव्या इमारतीच्या अनुदानात दोन गोष्टी पक्क्या होत्या: ४,८०० चौरस मीटर क्षेत्र आणि खर्चाची मुदत. वास्तुरचनाकाराने तळमजला अधिक तीन मजले असा आराखडा केला. लांबी ६६ मीटर, रुंदी सुमारे १८ मीटर, मधून २.४ मीटरचा कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना ७.५ मीटर खोल खोल्या. खांबांची मांडणी ३.३ मीटरच्या पटीत होती, आणि ती उत्तमच होती. दोन ओळींचे ओटे, मधे दीड मीटरची वाट आणि भिंतीलगतची जोडण्यांची जागा ३.३ मीटरमध्ये नेमकी बसते. पुढे बाकी सगळे बदलले तरी हा आकडा शेवटपर्यंत टिकला.

मजल्याची उंची मात्र ३.६ मीटर धरली होती. चार मजले गुणिले ३.६ आणि जोते ०.४५ मिळून १४.८५ मीटर होतात. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार १५ मीटर किंवा अधिक उंचीची इमारत 'उंच इमारत' ठरते आणि अग्निसुरक्षेच्या अटी एकदम वाढतात. थोडक्यात, उंची आतल्या कामावरून ठरली नव्हती, १५ च्या खाली राहायचे म्हणून ठरली होती. अंदाजपत्रकाचेही तसेच. बांधकाम डीएसआरच्या (सरकारी दरसूचीच्या) दराने आयटमवार मांडलेले, पण वीज, पाणी आणि वातानुकूलन बांधकाम खर्चाच्या ठरावीक टक्क्यांत उरकलेले. वर्गखोल्यांच्या इमारतीत ही रीत खपून जाते. प्रयोगशाळेत सेवांचा खर्च बांधकामाच्या बरोबरीला येऊन बसतो, त्यामुळे तिथे टक्केवारीने काढलेला आकडा म्हणजे निव्वळ अंदाज.

अडचण

टेंडरची कागदपत्रे जवळजवळ तयार असताना विद्यापीठ अभियंत्याने फ्युम हूडचे, म्हणजे नव्या धाटणीच्या धूरकपाटाचे, माहितीपत्रक मागवले, तेही दारातून हूड आत जाईल का एवढेच बघायला. माहितीपत्रकात ओट्यासकट हूडची उंची २.४ मीटर होती आणि वर डक्टची, म्हणजे हवा नेणाऱ्या नळाची, जोडणी वेगळी.

त्यावरून छेद काढून पाहिला. ३.६ मीटरमधून स्लॅबसकट बीमचे ०.६ मीटर वजा केले की उरतात ३.० मीटर. त्याखाली ताज्या हवेचा मुख्य डक्ट ८०० बाय ४०० मिलिमीटरचा. इन्सुलेशन आणि हँगर धरून तो ५०० मिलिमीटर खातो. त्याला आडवे छेदून जाणारे हूडचे गोल डक्ट २५० व्यासाचे, फ्लँजसकट ३००. दिवे, स्प्रिंकलर आणि फॉल्स सीलिंगचा सांगाडा आणखी २००. बेरीज एक मीटर. म्हणजे छत आले २.० मीटरवर आणि हूड २.४ मीटरचे.

रसायन तळमजल्यावर ठेवल्याने दुसरी गाठ पडली होती. विभागाची मागणी ४० हूडची. प्रत्येकाचा स्वतंत्र डक्ट तीन मजले चढून गच्चीवर जाणार. २५० व्यासाच्या डक्टला जोडणीची आणि हात घालण्याची जागा धरली तर साधारण ३५० बाय ३५० चा चौकोन लागतो. असे ४० चौकोन म्हणजे प्रत्येक मजल्यावर जवळजवळ ५ चौरस मीटरचा शाफ्ट, म्हणजे मजले भेदून जाणारा उभा पोकळ मार्ग. नकाशात ६०० बाय ९०० चे दोन शाफ्ट होते, दोन्ही मिळून १ चौरस मीटरच्या थोडे वर, आणि त्यांतून पाण्याचे व सांडपाण्याचे पाइपही जायचे होते.

हे टेंडरआधी कळले म्हणून बरे. बऱ्याच ठिकाणी स्लॅब पडल्यावर वातानुकूलनाचा ठेकेदार जागेवर येतो, मग बीमला भोके पाडण्याची परवानगी मागतो आणि शेवटी डक्ट खिडकीतून बाहेर काढून भिंतीवरून वर नेतो. पुढच्या पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी आत येते.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय, नकाशा तसाच ठेवून हूड कमी करायचे आणि डक्टरहित, कार्बन फिल्टरचे हूड घ्यायचे. वेळ वाचला असता. पण कार्बन फिल्टर ठरावीक रसायनांपुरताच चालतो आणि भरला की गपचूप गळू लागतो. दर तासिकेला नवे द्रावक आणि नवे आम्ल हाताळणाऱ्या एमएस्सीच्या प्रयोगशाळेत हे बसत नाही. शिवाय फिल्टर बदलण्याचा खर्च दरवर्षीचा, आणि आवर्ती खर्चाच्या खात्यात तो नेमका पहिल्यांदा कापला जातो.

दुसरा पर्याय, चारही मजले ४.५ मीटर उंच करायचे. एकूण उंची १८ मीटरच्या वर जाते, उंच इमारतीच्या अटी लागतात, जिना, वेट रायझर (आग विझवण्यासाठी पाण्याने भरलेला उभा पाइप), पाण्याच्या टाक्या, सगळ्यांचा आकार वाढतो. पैसे आणि मंजुरीचे महिने, दोन्ही हाताबाहेर.

तिसरा पर्याय एका सल्लागाराने मांडला: दोन प्रयोगशाळा मजल्यांच्या मधे केवळ पाइप आणि डक्टसाठी माणूस उभा राहील असा सेवामजला. कॅलिफोर्नियात ला होया इथल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये वास्तुरचनाकार लुई कान यांनी १९६५ च्या सुमारास हेच केले. प्रत्येक प्रयोगशाळा मजल्याच्या वर सुमारे पावणेतीन मीटर उंचीचा सेवामजला आहे आणि म्हणूनच ती इमारत आजही आतून बदलता येते. कल्पना मोहात पाडणारी आहे, पण इथल्या बजेटमध्ये तिचा विचार एका बैठकीपुरताच झाला.

चौथा पर्याय क्षेत्रफळाची यादी पुन्हा वाचताना सुचला. ४,८०० पैकी सुमारे १,२०० चौरस मीटर जागा प्राध्यापकांच्या खोल्या, व्याख्यान कक्ष, कार्यालय आणि ग्रंथालय यांची होती. या खोल्यांना ना ४.५ मीटर उंची लागते, ना शाफ्ट, ना ताशी सहा वेळा बदललेली हवा. प्रयोगशाळेच्या इमारतीत राहून त्या महागड्या इमारतीचे भाडे भरत होत्या. मग त्या बाहेर काढून शेजारी ३.३ मीटर उंचीची दुमजली, खिडक्यांच्या वाऱ्यावर चालणारी साधी पाख बांधायची आणि प्रयोगशाळेचे चारऐवजी तीनच मजले ४.५ मीटरचे करायचे. १३.५ अधिक जोते, म्हणजे १३.९५ मीटर. एकूण क्षेत्र तेच, १५ मीटरची मर्यादाही सांभाळलेली.

चौथा पर्याय स्वीकारला. नकाशे नव्याने काढायला चार महिने लागणार होते आणि मुदतीचा धाक होता, म्हणून दुमजली पाखेचे टेंडर आधी काढून खर्चाला सुरुवात केली. त्यामुळे पहिल्या वर्षाचा निधी परत गेला नाही. ही युक्ती कोणत्याही तांत्रिक पुस्तकात सापडणार नाही, पण ती नसती तर चौथा पर्याय कागदावरच राहिला असता.

कोणता विभाग कुठल्या मजल्यावर

जड ते खाली आणि पाण्याचे ते खाली, ही जुनी समजूत. नव्या रचनेत ती उलटी केली. रसायन सर्वात वरच्या, दुसऱ्या मजल्यावर गेले. हूडचा डक्ट छतातून थेट गच्चीवर निघतो, मधल्या मजल्यांवर शाफ्टच लागत नाही. पहिल्या मजल्यावर जीवशास्त्र. तळमजल्यावर भौतिकशास्त्र आणि मध्यवर्ती उपकरण केंद्र: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, एक्स-रे विवर्तनमापी आणि ४०० मेगाहर्ट्झचे एनएमआर, म्हणजे शक्तिशाली चुंबकाने रेणूंची रचना तपासणारे यंत्र.

उपकरणांसाठी तळमजला हाच खरा पर्याय होता. सूक्ष्मदर्शकाला जमिनीचे कंपन सेकंदाला सुमारे ६ मायक्रोमीटरच्या आत हवे, म्हणजे कंपनाच्या प्रचलित श्रेणींतली व्हीसी-डी. वरच्या स्लॅबवर माणूस चालला तरी हा आकडा ओलांडतो. इथे त्या खोलीची फरशी जमिनीवरच टाकली, भोवती ५० मिलिमीटरची फट ठेवून इमारतीच्या पायापासून तोडली, आणि चिलर (वातानुकूलनाचे पाणी थंड करणारे यंत्र) व जनरेटर इमारतीच्या दुसऱ्या टोकाला नेले. एनएमआरची गोष्ट वेगळी. चुंबकात द्रव हीलियम भरताना वरून लांब नळी सोडावी लागते, त्यासाठी छताची उंची लागते. आणि चुंबक अचानक तापला तर द्रव हीलियमचा वायू होताना आकारमान सुमारे ७५० पट वाढते. तो वायू थेट बाहेर नेणारा पाइप आणि खोलीत ऑक्सिजनचा गजर, दोन्ही नकाशातच दाखवले. ३.६ मीटरच्या मूळ मजल्यात हे चुंबक बसले असते, पण भरता आले असते का, याची शंकाच होती.

रसायन वर नेण्याला दोन रास्त आक्षेप आले. ज्वालाग्राही द्रावके वरच्या मजल्यावर नेणे धोक्याचे. अमेरिकी अग्निसंहिताही मजला चढत जाईल तसा परवानगीचा साठा कमी करते. त्यावर उतारा म्हणून मुख्य द्रावकसाठा इमारतीबाहेर स्वतंत्र खोलीत ठेवला आणि प्रयोगशाळेत फक्त दिवसाच्या गरजेपुरते, तेही अग्निरोधक कपाटात, असा नियम केला. सिलिंडरही बाहेरच्या जाळीदार खोलीत. तिथून स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांनी वायू वर येतो. दुसरा आक्षेप गळतीचा. वरची सिंक तुंबली तर आम्लाचे पाणी खालच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या छतातून टपकणार. म्हणून सांडपाण्याचे आडवे पाइप खालच्या छतातून न नेता ओट्यामागून बाहेरच्या भिंतीकडे वळवले आणि भिंतीबाहेर ६०० मिलिमीटर खोल, दाराच्या शाफ्टमधून उतरवले. पाइप पॉलिप्रॉपिलीनचे, जोड वितळवून केलेले. खाली चुनखडी भरलेली उदासीनीकरण टाकी, आणि मगच मुख्य गटार.

हूड किती, हा खरा वाद

४० हूडची मागणी 'प्रत्येक संशोधकाला एक' या हिशेबाने आली होती. ती थेट नाकारली असती तर विभाग दुखावला असता, आणि तशीच मान्य करायलाही कुणी तयार नव्हते. मग हवेचा हिशेब बैठकीत फळ्यावर मांडला.

१.८ मीटर रुंदीच्या हूडचे आतले तोंड साधारण १.५५ मीटर. वरखाली सरकणारी काच, म्हणजे सॅश, ४५० मिलिमीटर उघडी ठेवली तर ०.७ चौरस मीटर. तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला ०.५ मीटर. म्हणजे एक हूड सेकंदाला ०.३५ घनमीटर, तासाला १,२६० घनमीटर हवा बाहेर फेकतो. तेवढीच ताजी हवा थंड करून आत सोडावी लागते. पावसाळ्यात २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची हवा १३ अंशांपर्यंत थंड करून तिच्यातले पाणी काढायचे, तर सेकंदाला एक घनमीटरमागे सुमारे १४ टन (वातानुकूलनातले थंडाव्याचे माप) शीतनक्षमता लागते. म्हणजे हूडमागे जवळजवळ पाच टन. ४० हूड, १९५ टन.

इथे एक गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही: पठारावर बाहेरच्या हवेचा सर्वाधिक बोजा मे महिन्यात नसतो, जुलैत असतो. मेमधली ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेची हवा अंग भाजते, पण तिच्यातली एकूण उष्णता जुलैच्या दमट हवेपेक्षा कमी असते. ज्यांनी उन्हाळ्याच्या तापमानावर यंत्रे निवडली त्यांच्या प्रयोगशाळेत ऑगस्टमध्ये ओट्यांवर दव धरते.

त्यानंतर विभागाच्या शिक्षकांनीच आठवड्याचे वेळापत्रक घेऊन प्रत्येक प्रयोगासमोर 'हूड हवाच', 'जागेवर शोषण पुरे' आणि 'गरज नाही' अशा खुणा केल्या. टायट्रेशन, द्रवणांक आणि बहुतेक वर्णलेखन तिसऱ्या रकान्यात गेले. रोटरी बाष्पक आणि एचपीएलसी (द्रव वर्णलेखनाचे यंत्र) यांच्यासाठी हलवता येणारी शोषनळी पुरते. एका हूडच्या हवेत अशा आठ नळ्या चालतात. यादी २४ हूडवर थांबली: चार प्रयोगशाळा, प्रत्येकीत सहा. १९५ टनांचे १२० झाले. आकडा वरून लादला नाही, वेळापत्रकातून आला, म्हणून पुढे कुणी तो उकरून काढला नाही.

सहा हूडच्या एका प्रयोगशाळेचा आकार ७.५ बाय १३.२ मीटर, छत २.९ मीटरवर. सहा हूड चालू असता खोलीतली हवा तासाला २६ वेळा बदलते. प्रयोगशाळेसाठी ताशी सहा ते दहा बदल धरतात, त्या हिशेबाने इथे काहीच ठरत नाही. जे ठरते ते हूडवरून.

हवेच्या यंत्रणेतले निर्णय

२४ स्वतंत्र ब्लोअर की सामाईक डक्ट? आपल्याकडे स्वतंत्र ब्लोअरची चाल आहे, कारण एक बिघडला तर एकच हूड बंद पडतो. पण २४ मोटारी, २४ बेल्ट आणि गच्चीवर २४ भोके. इथे प्रत्येक प्रयोगशाळेसाठी ६०० मिलिमीटर व्यासाचा एक सामाईक डक्ट आणि त्यावर दोन पंखे, एक चालू आणि एक राखीव, असे ठरले. डक्ट आतून पॉलिप्रॉपिलीन, बाहेरून एफआरपी, म्हणजे काचतंतूंनी मजबूत केलेले प्लास्टिक. पर्क्लोरिक आम्लाचा हूड मात्र यातून वगळला. त्याची वाफ डक्टमध्ये साचून स्फोटक क्षार बनू शकते, म्हणून त्याला स्टेनलेस स्टीलचा वेगळा डक्ट आणि आतून पाण्याने धुण्याची सोय दिली.

नियंत्रणात पूर्ण बदलत्या प्रवाहाची यंत्रणा, म्हणजे सॅशच्या प्रत्येक हालचालीबरोबर हवा कमीजास्त करणारी, टाळली. ती बसवणारे पुष्कळ मिळतात. तीन वर्षांनी तिचे सेन्सर जुळवून देणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी मिळत नाही. त्याऐवजी दोनच अवस्था ठेवल्या: सॅश उघडी तर पूर्ण प्रवाह, बंद तर ४० टक्के. पंख्याला व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारे उपकरण, आणि आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा नेहमी दहा टक्के कमी, म्हणजे वास कॉरिडॉरमध्ये जात नाही.

बाहेर जाणाऱ्या थंड हवेतून गारवा परत मिळवण्याचा प्रस्ताव फेटाळला. फिरत्या चाकाची यंत्रणा हूडच्या हवेला चालत नाही, कारण थोडी दूषित हवा परत येते. पाण्याच्या बंद वळशाने जोडलेल्या दोन कॉइल चालतात, पण त्या फक्त तापमान देतात, आर्द्रता नाही. जुलैत बाहेर २८ आणि आत २४ अंश असताना त्यांतून मिळते ते नगण्य. तोच वळसा मात्र कूलिंग कॉइलच्या मागेपुढे लावला: येणारी हवा आधी थोडी गार होते आणि १३ अंशांची हवा पुढे त्याच उष्णतेने ऊबदार होते. एरवी ही ऊब विजेच्या हीटरने द्यावी लागली असती.

गच्चीवर ताजी हवा पश्चिमेकडून आत घेतली आणि धुराड्या पूर्वेला ठेवल्या, कारण पावसाळ्याचा वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. धुराड्या कठड्याच्या वर ३ मीटर, तोंडाशी वेग सेकंदाला १५ मीटर. गच्चीच्या स्लॅबवर यंत्रांसाठी चौरस मीटरला ५ किलोन्यूटन भार धरला. साध्या वावरत्या गच्चीचा १.५ चा आकडा इथे पुरला नसता.

बांधकामात काय बिघडले

ठेकेदाराने सवयीने प्रत्येक धुराडीवर पत्र्याची छत्री बसवली. हेतू चांगला, पाऊस आत जाऊ नये. पण छत्री हवा खाली वळवते, तिचा वेग मारते आणि तीच हवा पश्चिमेच्या झरोक्यात शिरते. धुराडी उघडीच हवी. चालू असताना १५ मीटरच्या वेगापुढे पावसाचा थेंब उतरत नाही, आणि बंद असताना आलेले पाणी पंख्याच्या तळाच्या २५ मिलिमीटरच्या नळीतून निघून जाते. नकाशात हे होते, पण बिलाच्या यादीत 'काउल' (म्हणजे हीच छत्री) हा आयटम दुसऱ्या कामावरून तसाच उतरला होता, आणि ठेकेदार यादीप्रमाणे काम करतो. छत्र्या काढाव्या लागल्या.

दुसरी चूक वॉटरप्रूफिंगची. गच्चीचे काम आटोपल्यावर दोन डक्टची जागा बदलली आणि नवी भोके पाडली. मूळ भोकांभोवती ३०० मिलिमीटर उंच काँक्रीटची कड होती, नव्यांभोवती सिमेंटचा नुसता लेप. पहिल्याच पावसात नेमके तिथेच गळले.

चाचणी आणि ताबा

ताबा घेण्याआधी २४ ही हूडची दोन पातळ्यांवर तपासणी झाली. तोंडाशी नऊ ठिकाणी वेग मोजला आणि ड्राय आइसच्या धुराने हवेचा प्रवाह पाहिला. चार हूडवर ॲशरे ११० पद्धतीने (ॲशरे ही वातानुकूलन अभियंत्यांची अमेरिकी संस्था) मागोवा वायूची चाचणी घेतली, मिनिटाला ४ लिटर वायू आत सोडून बाहेर उभ्या पुतळ्याच्या नाकाशी किती येतो हे मोजायचे. तीन हूडमधून धूर बाहेर आला, जरी वेग बरोबर ०.५ होता. कारण छतातली थंड हवेची जाळी हूडच्या तोंडापासून मीटरभरावर होती आणि तिचा झोत सेकंदाला ०.४ मीटरने आडवा येत होता. हूडच्या तोंडापाशी आडवा वारा तोंडाच्या वेगाच्या निम्म्याहून कमी हवा. जाळ्या बदलून छिद्रांचे मोठे पत्रे लावले, झोत पसरला आणि तिन्ही हूड पास झाले. नुसता वेग मोजून ताबा घेतला असता तर हे हूड आयुष्यभर 'चांगले' राहिले असते.

वापरात काय दिसले

पहिल्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली. जनरेटरवर एक्झॉस्ट पंखे होते, ते लगेच सुरू झाले. ताजी हवा देणारे पंखे मात्र जनरेटरचा आकार कमी ठेवण्यासाठी त्यावर घेतलेच नव्हते. खोलीतली हवा बाहेर फेकली जात होती, आत काही येत नव्हते. दाब कॉरिडॉरपेक्षा ८० पास्कलने खाली गेला. सुटकेच्या नियमाप्रमाणे दार कॉरिडॉरकडे उघडणारे. म्हणजे आतल्या माणसाला ते दाबाविरुद्ध ढकलावे लागणार. १.२ बाय २.१ मीटरच्या दारावर ८० पास्कल म्हणजे कडीपाशी सुमारे १०० न्यूटन, वर डोअर क्लोजरचे ४०. चौदा किलो ढकलल्यासारखे. एका विद्यार्थिनीला दार उघडेना. कुणाला इजा झाली नाही, पण आग असती तर हेच दार आड आले असते.

दुरुस्ती दोन ओळींची होती. ताज्या हवेचे १५ किलोवॉटचे दोन्ही पंखे जनरेटरवर घेतले, चिलर नाही. हवा गरम येते पण येते. आणि ताज्या हवेचा पंखा थांबला की एक्झॉस्ट आपोआप खालच्या अवस्थेत जावा, असा इंटरलॉक बसवला. डिझाइनच्या वेळी वीज गेल्यावर काय चालू राहते याचा तक्ता केला असता तर हे आधीच दिसले असते.

बाकी तक्रारी साध्या आणि म्हणून चिवट. एका प्रयोगशाळेत उकडते म्हणून कुणीतरी उभा पंखा आणून ठेवला, तोही हूडच्या बाजूला. धुराच्या चाचणीत त्या हूडमधून धूर सरळ खोलीत आला. सॅश रात्री उघड्या राहतात आणि वीजबिलात दिसतात. त्यावर बझर लावला, तो विद्यार्थ्यांनी टेप लावून गप्प केला, मग प्रयोगशाळा परिचराच्या बंद करण्याच्या यादीत सॅशचा रकाना घातला आणि तेच टिकले.

प्राध्यापक वेगळ्या पाखेत गेल्याची किंमतही मोजावी लागली. संशोधक विद्यार्थ्यांना प्रयोग चालू असताना लिहायला, डबा खायला जागाच नाही. ते ओट्यावरच बसतात. एथिल ॲसिटेटच्या बाटलीशेजारी पोळीभाजी, हे दृश्य तपासणी समितीने टिपले.

वेगळे काय करता आले असते

लिखाणाच्या जागा दुमजली पाखेत ढकलण्याऐवजी प्रत्येक प्रयोगशाळेच्या कॉरिडॉरकडच्या कडेला काचेच्या भिंतीआड दोन मीटर खोल पट्टा ठेवायला हवा होता, आतून प्रयोग दिसेल पण हवा वेगळी राहील असा. ३.३ च्या मांडणीत तो बसतो. त्यासाठी प्रत्येक खोलीतून एक ओटा कमी करावा लागला असता, आणि तो वाद तेव्हा कुणाला नको होता.

आपत्कालीन शॉवर आणि डोळे धुण्याची जागा दहा सेकंदांच्या अंतरावर दिली, पण शॉवरखाली मोरी दिली नाही, त्यामुळे पाणी फरशीवर पसरते. परिणामी महिन्याची चाचणी कुणी घेत नाही. मिनिटाला ७५ लिटर पाणी बादलीत धरायचे कसे? मोरी आणि हलका उतार दिला असता तर चाचणी झाली असती.

हूडची माहितीपत्रके, उपकरणांचे वजन, कंपनाची आणि चुंबकाची गरज या सगळ्यांचा एक तक्ता पहिल्या नकाशाआधी भरून घेतला असता तर नकाशे दुसऱ्यांदा काढायचे चार महिने वाचले असते. त्याच विद्यापीठाच्या पुढच्या इमारतीसाठी तसा खोलीवार तक्ता आता आहे. प्रत्येक खोलीसमोर छताची उंची, हूडची संख्या, ताज्या हवेचे प्रमाण, वीज गेल्यावर काय चालू राहणार आणि सांडपाणी कुठून उतरणार हे रकाने आहेत, आणि विभागप्रमुखाची सही झाल्याशिवाय वास्तुरचनाकाराला खोली हलवता येत नाही. देखभालीचा रकाना मात्र अजून रिकामाच असतो, कारण देखभाल कराराचे पैसे कोणत्या शीर्षाखाली टाकायचे यावर वित्त विभाग आणि विद्यापीठ अभियंता यांचे अजून जुळलेले नाही.